दत्तारामाचा उत्कर्ष

दत्ताराम चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता आणि चौथीपर्यंत त्याने एकही कविता पुरी म्हणून दाखवली नाही. पहिली ओळ म्हणायचा, दुसरीला छताकडे बघायचा आणि तिसरीला खाली बसायचा. मी त्याला छडी दाखवली, शेंगदाणे-गुळाची लालूच दाखवली, एकदा तर रागाच्या भरात दोन्ही एकदम दाखवलं. उपयोग शून्य. म्हणून पंचेचाळिशीतला दत्ताराम जेव्हा माझ्या ओटीवर उभा राहून, छाती पुढे काढून, "नमस्कार! मी दत्ताराम कोंडाजी, आणि मी एक विजेता आहे!" असं ठणकावून म्हणाला, तेव्हा मला माझ्या पेन्शनची लाज वाटली. चार वर्षांत मला जे जमलं नाही, ते श्रीवर्धनच्या एका हॉलमध्ये दोन दिवसांत कोणीतरी करून दाखवलं होतं.

आमचं आंबेथर तळा तालुक्यातलं, पंचेचाळीस उंबऱ्यांचं. मधून नाला जातो. अलीकडे वरची आळी, पलीकडे खालची. गावात कोणी गेलं की मुंबईकरांना फोन करायचा आणि गावाला दत्तारामने सांगायचं, अशी आमच्याकडची रीत. मोबाइल आले तरी ती मोडली नाही. आधी हे काम त्याचा बाप कोंडाजी करायचा. याला पगार नाही. लग्नकार्यात पहिला नारळ मानाने हातात देतात, तेवढंच. लग्नाची आवतणंही तोच करतो, पण आवतण कोणीही करील. मयताचा सांगावा देणं ही वेगळी विद्या आहे.

ती मी जवळून पाहिली आहे. माझे यजमान तालुक्याच्या दवाखान्यात वारले, तेव्हा मला दत्तारामनेच सांगितलं. अंगणात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "वर ये रे, पाणी घे." तो म्हणाला, "पाणी नको, बाई. बाहेरच बरा हाय." तेवढ्यावरच मला कळलं. सांगावा आणणारा उंबरा ओलांडत नाही, बसत नाही, पाणी घेत नाही. गेलेल्याचं नाव आणि किती वाजता काढणार, एवढंच सांगतो. हळू आवाजात, समोरच्याच्या तोंडाकडे बघून. कुठल्या घरात म्हातारीचं काळीज नाजूक आहे, तिथे आधी सुनेला परसात बोलावून कसं सांगायचं, हे त्याला पाठ. वाटेवरून ओरडायचं नाही आणि बंद दाराला सांगायचं नाही, हा तर मोठाच नियम. कोंडाजीने एकदा घाईत दाराबाहेरूनच सांगून टाकलं होतं. आत ओली बाळंतीण होती आणि गेला होता तिचा सख्खा भाऊ. त्यानंतर त्या घराने ही शिस्त कधी मोडली नाही. कविता न येणाऱ्या माणसाला एवढं सगळं येत होतं, आणि मी मात्र त्याच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी 'धीटपणा कमी' असं लिहीत आले होते.

गेल्या दिवाळीच्या आधी देवळात 'मोफत आरोग्य शिबिर' भरलं. डॉक्टर आला नाही, सनी सर आले. काळा कोट, टोकदार बूट आणि पनवेलकडची खिचडी भाषा. त्यांनी कोणाची नाडी पाहिली नाही की रक्तदाब मोजला नाही. फक्त विचारलं, "इस गाव में असा कोण माणूस आहे, ज्याला कोणत्याच घराचा दरवाजा बंद नाही?"

अख्ख्या देवळाने दत्तारामाकडे बोट दाखवलं. मीसुद्धा दाखवलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जो तो विचारायला लागला की दत्ताराम या भानगडीत पडलाच कसा.

"दत्ताराम सर," सनी सर त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "तुम्हाला मालूमच नाही तुम्ही क्या चीज आहात! लोक वर्षानुवर्षं मेहनत करून नेटवर्क बनवतात. तुमचं तर रेडी आहे!"

दत्तारामाला जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं. मी तर त्याला 'ठोंब्या' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तो 'उत्कर्षझेप परिवारा'त दाखल झाला.

हा परिवार एक हिरवी पावडर विकतो. रोज सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची, म्हणजे आयुष्य वाढतं. वास ओल्या गोणपाटाचा. मी दोन डबे घेतले, एक चमचा कसाबसा गिळला आणि उरलेलं शेजारच्या म्हशीच्या आंबोणात मिसळलं. म्हशीने तोंड फिरवलं. पण सनी सरांचं म्हणणं असं की, आम्ही पावडर विकतच नाही, आम्ही माणसं घडवतो. माणूस घडला की पावडर आपोआप खपते. पावडर खपली नाही, तर त्याचा अर्थ माणूस अजून घडलेला नाही. मग तो घडावा म्हणून पुढचं शिबिर, आणि त्याची फी निराळी. मी छत्तीस वर्षं शिक्षण खात्यात काढली. आमच्याकडे पोर नापास झालं की पालक दारात येऊन मला जाब विचारायचे. इथे पोर नापास झालं की ते स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतं आणि पुन्हा फी भरतं. एवढी सोपी युक्ती आमच्या खात्यातल्या एकाही साहेबाला सुचली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर दत्ताराम घडू लागला. पहाटे उठून आरशासमोर उभं राहायचं आणि 'मी सोनं आहे' असं अकरा वेळा म्हणायचं. भाताच्या कणगीवर पांढऱ्या मोटारीचं चित्र चिकटवायचं आणि जाता-येता तिच्याकडे विश्वासाने बघायचं. रोज एका पुस्तकाची दहा पानं वाचायची. निळा टाय बांधायचा. भेटेल त्याचा हात हातात घेऊन दाबायचा, म्हाताऱ्या बायकांचासुद्धा. खालच्या आळीतल्या मनुबाईने तर हात झटकून त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याची बायको पूनम माझ्याकडे ताक न्यायला येते, ती म्हणाली, "बाई, ह्ये सकाळी आरशाला सांगतात मी सोनं हाय, आन गोठ्यातलं शेण मीच काढतेय." पूनमने हे घरीही बोलून दाखवलं असावं, कारण पुढच्या शिबिरात तिचं नाव 'नकारात्मक व्यक्ती' या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिलं गेलं.

त्या शिबिरातली एक गोष्ट दत्तारामने मला स्वतः सांगितली. दिवे मंद करून सगळ्यांना डोळे मिटायला लावलं. मग सनी सर सांगू लागले, कल्पना करा, तुमची आई जग सोडून चालली आहे आणि तिच्यासाठी तुम्ही काहीच करू शकला नाहीत. हॉलभर हुंदके सुरू झाले. तळ्याचा एक कंडक्टर तर जमिनीवर लोळला. फक्त दत्ताराम शांत बसला होता. ज्याने गावातल्या साठ-सत्तर मरणांच्या बातम्या उंबऱ्या-उंबऱ्यावर पोचवल्या, त्याला दिवे मंद करून काय रडवणार? पण सनी सरांनी त्याला उभं केलं आणि सांगितलं, "सर, तुमच्या भावना ब्लॉक झाल्यात. लेव्हल दोन करावी लागेल." हे ऐकून दत्ताराम खरोखर घाबरला. मला विचारायला आला, "बाई, मला आतून काय झालं आसंल?" मी म्हटलं, तुला काही झालेलं नाही. पण मी पडले मास्तरीण, माझ्याकडे माइक नव्हता.

लेव्हल दोनमध्ये त्याला दारं शिकवली. म्हणजे, घरात शिरायचं कसं ते. अंगणात उभा राहणारा हरतो; आत जा. उभा असतो त्याला लोक कटवतात, बसा. बसल्यावर पाणी मागा. पाणी देणारा माणूस मग नाही म्हणायला कचरतो. बापाने शिकवलेलं होतं त्याच्या नेमकं उलटं, आणि पोरगा या शाळेत पहिला आला.

पहिल्या महिन्यात सगळ्यांनी पावडर घेतली. चव बघून नव्हे. प्रत्येक घराला आठवत होतं, आपल्या बापाचा, आईचा, धन्याचा सांगावा या माणसाने कसा दिला होता ते. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या महिन्यात लोक कचरत म्हणाले, आधीची उरली आहे. तिसऱ्या महिन्यात बोलणंच थांबलं आणि कड्या वाजू लागल्या. निळा टाय वळणावर दिसला की वरच्या आळीत एकामागून एक दारं लागायची. टीव्हीचा आवाज बंद व्हायचा. मी तर खिडकीला पडदा शिवून घेतला. बायका पाण्याला निघाल्या की एकमेकींना सांगायच्या, कोणी कसं चुकवलं; आणि हसायच्या. मीही हसायचे.

दार न लावणारी एकच होती, खालच्या आळीतली इंदूबाई. माझ्या शाळेत बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली तिने. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि माझी या गावातली एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण. ती दत्तारामला घरात घ्यायची, चहा द्यायची आणि म्हणायची, "पावडरची पिशवी भायेर ठेव. तुला येऊ देते, तिला न्हाय." तो हसायचा. पिशवी खरंच बाहेर ठेवायचा. मी इंदूला म्हटलं, अगं, अशाने तो सोकावेल. ती म्हणाली, "बाई, तुमी शिकलेली माणसं लय लवकर कडी लावता." मला राग आला होता. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळचे आठ वाजले असतील. मी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि खिडकीतून पाहिलं तर निळा टाय चढ चढून येत होता. हातात ती पिशवी. मी कडी लावली, पडदा ओढला आणि आत कणगीआड जाऊन उभी राहिले. सत्तरीला आलेली निवृत्त मुख्याध्यापिका, स्वतःच्या घरात, स्वतःच्या विद्यार्थ्याला भिऊन.

"बाई!" त्याने हाक मारली. मी गप्प.

"बाई, जरा भायेर येता?"

मी कणगीला आणखी चिकटले.

"बाई, मी अंगणातच हाय. वर येत न्हाय. पाणीबी नको."

हे शब्द मी नीट ऐकले. ते शब्द काय असतात, हे मला या गावात कोणाहूनही जास्त ठाऊक होतं. आणि तरी माझ्या मनात काय आलं? मागच्याच आठवड्यात वाटेत गाठून त्याने मला लेव्हल तीनचा नवा धडा सांगितला होता: काहीच मागायचं नाही, मागेल त्याची किंमत कमी होते. मला वाटलं, हाच तो धडा. आता पाणीसुद्धा मागत नाही, बघा कसा तयार झालाय. मी कणगीआड उभी राहून मनातल्या मनात त्याला गुणसुद्धा देऊन टाकले. तो थोडा वेळ थांबला. मग त्याची पावलं पुढच्या घराकडे गेली आणि तिथली कडी वाजल्याचं मी ऐकलं.

दुपारी एकच्या सुमाराला पाच-सहा माणसं नाल्यावरून परतताना दिसली. केस ओले, खांद्यावर ओले पंचे. अशी माणसं कुठून येतात ते सांगावं लागत नाही. मी धावत नाल्याच्या वाटेवर गेले आणि विचारलं, कोण गेलं? मनुबाईचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, तुमी आला न्हाईत? सगळी वाट बघून ऱ्हायली. इंदूआक्का गेली. अकराला काढली."

मी वाटेवरच खाली बसले. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. पोहे तसेच झाकलेले होते, हे संध्याकाळी पाहिलं.

मागाहून सगळं कळलं. इंदू पहाटे झोपेतच गेली. दत्ताराम शिबिराला निघाला होता आणि नाल्याजवळच्या थांब्यावर श्रीवर्धनच्या एसटीची वाट बघत होता. इंदूचा मुलगा प्रणय तिथे रडत आला. दत्तारामाने एसटी सोडली आणि होता तसा, टाय-पिशवीसकट, सांगावा घेऊन निघाला. कपडे बदलायलाही घराकडे वळला नाही. खालच्या आळीला रडण्यावरूनच कळलं होतं. वरच्या आळीत तेवीस घरं. तेवीसच्या तेवीस बंद. आमच्याकडे मयताला प्रत्येक घरातून एक लाकूड नेण्याची पद्धत आहे. इंदूला वरच्या आळीतून एकही लाकूड गेलं नाही. कमी पडलेली दत्तारामने स्वतःच्या लाकडं साठवायच्या मांगरातून वाहून नेली, असं मनुबाईने सांगितलं.

तिसऱ्या दिवशी देवळात गावकी बसली. दोष कोणाला द्यायचा यावर फार वेळ गेला नाही.

"ओरडायला काय झालं व्हतं ह्याला?" एकाने विचारलं.

"आमी तर शेतावर व्हतो," दुसरा म्हणाला. त्यावर तिसराही शेतावर होता असं निघालं, चौथाही. फेब्रुवारीच्या त्या सकाळी वरची आळी झाडून सारी शेतावर होती. भात कापून तीन महिने झालेल्या, वाळून भेगा पडलेल्या शेतांवर तेवीस घरं सकाळी आठ वाजता काय करत होती, हे कोणी विचारलं नाही. मला विचारता आलं असतं. मी पदराशी चाळा करत बसले.

दत्ताराम खांबाला टेकून उभा होता. टाय नव्हता. चौथीतल्यासारखा छताकडे बघत होता. शेवटी ठरलं की यापुढे दत्तारामला हे काम नको. तरण्या पोरांतल्या स्वराजने मोबाइलवर 'दुःखद निधन आंबेथर' नावाचा ग्रुप काढावा. स्वराजने तो तिथल्या तिथे काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पहिला निरोप आला तो गुलाबाच्या फुलाचा, शुभ सकाळ म्हणून. खाली सतरा जणांनी हात जोडले होते.

मला आठ दिवस झोप लागली नाही. नवव्या दिवशी मी नाल्याकाठच्या दत्तारामाच्या घरी गेले. तो गोठ्यात होता. शेणाचे हात धुऊन आला, ओटीवर मला पाट दिला, पूनमने पाणी आणलं. कणगीवरची मोटार काढलेली होती, चिकटवलेल्या जागी कागदाचा पांढरा डाग होता.

"शिबिराला गेला नाहीस?" मी विचारलं. विचारायचं होतं दुसरंच.

"गेलो व्हतो परवा. शेवटचा." तो खाली बघून म्हणाला. "सनी सरांनी इचारलं, त्या दिवशी का आला न्हाय. मी सांगितलं, असं असं झालं. त्यांनी मला स्टेजवर घेतला. म्हणाले, ह्येच सगळ्यांना सांगा. मी सांगितलं. मग माइक घेऊन वरडले, तेवीस नकार! तेवीस दरवाजे बंद, तरी हा माणूस थांबला नाही! याला म्हणतात विजेता!"

"मग?"

"समदा हॉल उभा ऱ्हायला, बाई. टाळ्या वाजवत व्हते. शिट्ट्या मारल्या. खोटं कशाला बोलू, पैला मलाबी बरं वाटलं. येवढी माणसं माझ्यासाठी कधी उभी ऱ्हायली न्हाईत. मग ध्यानात आलं, ह्या टाळ्या इंदूआक्काच्या मयताला चालल्यात. तसाच उतरलो न् थांब्यावर आलो."

आत पूनम भांडी लावत होती, ती लावायची थांबली.

"दत्ताराम," मी म्हटलं, "मी घरात होते त्या दिवशी. कणगीआड उभी होते. तू पाणी नको म्हणालास तेही मी ऐकलं." एवढं बोलून मी पदर डोळ्यांना लावला. मी त्याची बाई होते. विद्यार्थ्यासमोर मी कधी रडले नव्हते.

"म्हायती हाय," तो म्हणाला. "पोह्यांच्या फोडणीचा वास येत व्हता."

"मग सांगितलं का नाहीस रे? दारातून एकदा नुसतं इंदूचं नाव घेतलं असतंस तरी मी धावत आले असते."

"तुमी घरात एकट्या. ती तुमची किती जवळची, मला काय ठावं न्हाय? दाराआड तुमी पडला असता तर उचलायला कोण व्हतं?"

त्याने नाल्याकडे बघितलं. मग म्हणाला, ते रागाने नव्हे, खरंच कोडं पडल्यासारखं:

"माझ्या बापानं चाळीस वरसं न् मी वीस वरसं ह्या गावात दारोदार मरण घेऊन फिरलो, बाई. कोणी दार लावलं न्हाय. चार महिनं आयुष्य वाढवायची पावडर घेऊन फिरलो, तर समद्यांनी कड्या लावल्या."